भुकेच्या जिल्ह्यातली साखर

मधुमेह हा सुबत्तेचा, बैठ्या कामाचा आणि गोडधोड खाण्याचा आजार आहे, ही समजूत महाराष्ट्रात इतकी खोल रुजलेली आहे की पालघर जिल्ह्याचे नाव या आजारासोबत घेतले तर ऐकणाऱ्याला काहीतरी गफलत झाल्यासारखे वाटते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झालेला, २०११ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे ३० लाख वस्तीचा आणि त्या वस्तीत ३७ टक्क्यांहून अधिक आदिवासी असलेला हा जिल्हा बाहेरच्या जगाला ठाऊक आहे तो जव्हार-मोखाड्याच्या कुपोषणामुळे, आणि कुपोषण व मधुमेह हे दोन शब्द लोकांच्या बोलण्यात जसे कधी एकत्र येत नाहीत तसे ते सरकारी दप्तरातही येत नाहीत. कुपोषणाची नोंद अंगणवाडीत, महिला व बालविकास खात्याकडे होते. मधुमेहाची नोंद असंसर्गजन्य आजारांच्या वहीत, आरोग्य खात्याकडे होते. प्रस्तुत व्याख्यानात मांडावयाचे आहे ते हे की, या दोन वह्यांत पुष्कळदा एकाच माणसाचे आयुष्य दोन तुकड्यांत लिहिलेले असते. पहिल्या वहीत दोन-सव्वादोन किलो वजनाचे मूल असते, आणि दुसऱ्या वहीत तेच मूल तीस-चाळीस वर्षांनी बोईसरच्या एखाद्या कारखान्यातला, शुगर निघालेला कामगार म्हणून पुन्हा भेटते.

आजाराचे स्वरूप प्रथम थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. जेवणातील पिष्टमय पदार्थांची शेवटी ग्लुकोज नावाची साखर होते, ती रक्तातून सर्वत्र फिरते, आणि पेशींनी ती आत घ्यावी यासाठी स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्सुलिन हे संप्रेरक तयार करतात. इन्सुलिन मुळातच तयार होईनासे झाले म्हणजे होतो तो पहिल्या प्रकारचा मधुमेह. आणि इन्सुलिन असूनही पेशी त्याला दाद देत नाहीत, ज्याला इन्सुलिन-रोध म्हणतात, व तो रोध मोडून काढण्याच्या श्रमाने बीटा पेशी हळूहळू थकत जातात, तो दुसऱ्या प्रकारचा. भारतातील बहुसंख्य रुग्ण या दुसऱ्या प्रकारातले धरले जातात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, इंडियाब या नावाने ओळखल्या जाणाऱ्या देशव्यापी पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर, म्हणजे मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. याच पाहणीच्या २०११ मध्ये आलेल्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्राच्या शहरी भागात प्रौढांपैकी १०.९ टक्के आणि ग्रामीण भागात ६.५ टक्के लोकांना मधुमेह आढळला होता. ग्रामीण आकडा शहरी आकड्यापेक्षा लहान दिसतो, परंतु खेड्यांची संख्या, तेथील तपासणीची सोय आणि दवाखान्याचे अंतर मनात धरले तर त्यातला दिलासा फारसा टिकत नाही.

ही झाली देशाची गोष्ट. पालघरला लागू पडणारी खरी गोष्ट पुण्याजवळच्या सहा खेड्यांत सापडली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली या खेड्यांतील स्त्रियांचा गर्भारपणाच्याही आधीपासून मागोवा घेण्यास सुरुवात केली, आणि जन्मलेल्या बाळांची मोजमापे इंग्लंडमधील साउदम्प्टन येथील बाळांशी ताडून पाहिली. पुण्याच्या बाळाचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तिकडच्या बाळाचे सुमारे ३.५ किलो. हा फरक अपेक्षितच होता. अनपेक्षित होते ते पुढचे. पुण्याची बाळे स्नायूंनी आणि पोटातील अवयवांनी पुष्कळ लहान होती, मात्र त्वचेखालच्या चरबीत ती जवळजवळ तिकडच्या बाळांच्या बरोबरीची होती. दिसायला किरकोळ आणि आतून चरबी राखून असलेल्या या बाळाला संशोधकांनी ‘थिन-फॅट’ असे नाव दिले. मराठीत त्याला ‘कृश-मेदी’ म्हणता येईल. पोटात असताना अन्नाची ओढाताण झाली म्हणजे गर्भ मेंदू वाचवतो, चरबी राखतो, आणि स्नायू, यकृत, स्वादुपिंड, मूत्रपिंड यांच्या बांधणीत काटकसर करतो, असा त्याचा अर्थ लावला जातो. इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी कमी जन्मवजन आणि प्रौढपणीचे हृदयविकार व मधुमेह यांचा संबंध आधीच दाखवून दिला होता. तो संबंध भारतीय शरीरात कोणत्या वाटेने काम करतो हे पुण्याच्या या कामाने उघड केले.

याच डॉ. याज्ञिकांनी लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्यासह २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे छायाचित्र छापले होते. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा, २२.३ होता, चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के होते. वजनकाट्यावर भरवसा ठेवून ‘हा तर सडपातळ आहे, याला कसली शुगर’ म्हणणाऱ्या प्रत्येक दवाखान्यात ही दोन माणसे टांगून ठेवावीत अशा योग्यतेची आहेत.

कृश रुग्णाची ओळख आपल्याकडे नवीन नाही. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत: एक सहज, म्हणजे जन्मापासून बरोबर आलेला, ज्यातला रुग्ण कृश, रूक्ष आणि तहानेने व्याकूळ असतो, दुसरा अपथ्यातून उद्भवणारा, ज्यातला रुग्ण स्थूल आणि खादाड असतो. आधुनिक वैद्यकाने मात्र या कृश रुग्णाशी बरीच धरसोड केली. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली कुपोषणाशी निगडित मधुमेह असा स्वतंत्र वर्ग मान्य केला आणि १९९९ साली पुराव्याअभावी तो काढून टाकला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉक्टरांनी व त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी पुढे दाखवून दिले की लहानपणी उपासमार सोसलेल्या काही हडकुळ्या रुग्णांत इन्सुलिन-रोध फारसा नसतो, तर इन्सुलिन स्रवण्याची ताकदच तोकडी असते. आणि एप्रिल २०२५ मध्ये बँकॉक येथे आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने या आजाराला ‘टाइप ५’ असे नाव देऊन मान्यता दिली. हा वाद नामकरणापुरता नाही. अशा रुग्णाला पहिल्या प्रकारचा समजून भरपूर इन्सुलिन दिले आणि त्याच्या घरी रात्रीच्या जेवणाचीच खात्री नसली, तर साखर एकाएकी खाली येऊन तो झोपेतच दगावू शकतो. औषधाचा डोस ठरवताना रुग्णाच्या घरातल्या कणगीत किती धान्य आहे हे विचारणे हा म्हणून उपचाराचाच भाग ठरतो.

आता जिल्ह्याकडे पाहावे. पालघरचे आठ तालुके तीन पट्ट्यांत विभागलेले आहेत: सातपाटी-डहाणूची किनारपट्टी, रेल्वेलगतचा सखल पट्टा, आणि जव्हार, मोखाडा, विक्रमगड यांचा डोंगराळ भाग. डोंगरातील वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी कुटुंबांचे जेवण दोन पिढ्यांपूर्वी नागली आणि वरई या वरकस जमिनीवरच्या धान्यांवर, रानभाज्यांवर, खेकडे-मासळीवर आणि सुकटीवर चालत असे. ते जेवण पोटभर होते असा दावा कोणी करू नये. पावसाळ्यात कंद उकडून दिवस काढणाऱ्या घरांचे दारिद्र्य सुंदर करून सांगणे हा त्या माणसांवर अन्याय होईल. तरीही त्या ताटात विविधता होती. नंतर जंगल आक्रसले, वरकस शेती मागे पडली आणि रेशनचा तांदूळ घरात आला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी ५ किलो धान्याची हमी दिली, तिने उपासमारीला मोठा अटकाव केला आणि त्याबद्दल त्या कायद्याचे ऋण मानलेच पाहिजे. पण ताट मात्र पांढऱ्या भाताने भरले. डाळ पातळ झाली, भाजी आठवडी बाजारच्या दिवसापुरती उरली, आणि दोन जेवणांमधली भूक मारायला कोरा चहा आला: दुधाविना, साखर मात्र सढळ हाताने घातलेला, त्यात बुडवायला पाच रुपयांचा बिस्किटपुडा. लहान मुलाच्या हातातही तोच पुडा दिसतो. पोट भरते, उष्मांक मिळतात, प्रथिने आणि जीवनसत्त्वे मिळत नाहीत. आणि ज्या शरीराने गर्भातच स्नायूंची काटकसर केलेली आहे त्याला ही साखर साठवायला जागा कमी पडते, कारण जेवणानंतरच्या साखरेचे सर्वांत मोठे कोठार स्नायू हेच असते.

नागलीविषयी अलीकडे शहरांत जो उत्साह आहे त्याबद्दल एक खुलासा येथे करणे योग्य होईल. नागली हे औषध नाही. तिच्यातही मुख्यतः पिष्टच आहे, आणि बारीक दळलेल्या पिठाचे आंबील गटागट प्यायले तर साखर चढतेच. तिचे मोल कॅल्शियम, तंतुमय भाग आणि तिच्याबरोबर येणारे डाळ-भाजीचे ताट यांत आहे. मुंबईच्या मॉलमध्ये नागलीची बिस्किटे महाग दराने खपावीत आणि ती पिकवणाऱ्या मोखाड्यातल्या घरी रेशनचा भात शिजावा, ही व्यवस्था मात्र बदलण्याजोगी आहे.

डोंगर उतरून माणूस बोईसरला येतो. तारापूर येथे १९६९ साली देशातील पहिले व्यापारी अणुवीज केंद्र सुरू झाले, त्याच्या शेजारी औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत उभी राहिली, आणि रसायने, औषधे, कापड, पोलाद यांच्या कारखान्यांभोवती सरावली, पास्थळ, सालवड, कोलवडे, कुंभवली ही गावे खोल्यांच्या चाळींनी भरून गेली. अणुकेंद्राच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण येथील कुटुंबांना घरे सोडावी लागली. शेतात आणि खाडीत उभा दिवस घालवणाऱ्या माणसांच्या पुढच्या पिढीला हालचाल लागते ती कारखान्याच्या दारापर्यंत. येथील कामगार पुष्कळदा ठेकेदाराकडचा असतो, पाळी आठ तासांची लिहिलेली असली तरी बारा तासांची भरते, आणि दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला दिवसपाळीची रात्रपाळी होते. रात्रीच्या वेळी शरीर इन्सुलिनला कमी दाद देते, त्यामुळे मध्यरात्री खाल्लेला भात आणि दुपारी खाल्लेला तोच भात रक्तात सारखी साखर चढवत नाहीत. अमेरिकेतील परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासातही फिरत्या रात्रपाळ्यांची वर्षे जितकी अधिक तितका दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा धोका अधिक आढळला. रात्री दोनला डोळा लागू नये म्हणून घेतलेला गोड चहा, पहाटे सुटल्यावर गेटबाहेरच्या गाडीवरचा वडापाव, मग पत्र्याच्या तापलेल्या खोलीत अर्धवट झोप आणि दुपारी उठून पहिले धड जेवण, हा दिनक्रम ज्याचा आहे त्याला ‘वेळेवर जेवा, रोज चाला’ हा छापील सल्ला दिला तर तो मान हलवतो आणि निघून जातो.

त्याला दोष देता येत नाही. भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने, धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांतील कामगाराची कामावर घेण्यापूर्वी आणि नंतर दर बारा महिन्यांनी वैद्यकीय तपासणी करण्याचे बंधन कारखाने अधिनियमात आले. कायद्याचा हेतू कामगाराच्या रक्षणाचा आहे. परंतु ज्याची हजेरी ठेकेदाराच्या मर्जीवर आहे त्याला तपासणीत शुगर निघणे म्हणजे काम जाणे असे वाटते, आणि म्हणून तो ती लपवतो, गोळी खिशात ठेवतो आणि साथीदारासमोर घेत नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला मोफत उपचाराचा हक्क आहे, पण ठेकेदार बदलला, नोंदणीत खंड पडला, की तो हक्क कागदावर राहतो.

लपवलेल्या साखरेचा हिशेब बहुधा पायांत चुकता होतो. दीर्घकाळ वाढलेली साखर बारीक मज्जातंतू मारते आणि पायाचा तळवा बधिर होतो. याला मधुमेही मज्जाविकार म्हणतात. बधिर पायाचा धोका असा की त्याला दुखत नाही. कारखान्यातला सेफ्टी बूट पुढून पोलादी टोपीचा आणि बहुधा अर्ध्या मापाने लहान-मोठा असतो. करंगळीच्या मुळाशी त्याची कड घासते, फोड येतो, फुटतो, मोजा ओला होतो, आणि बारा तासांनी बूट काढल्यावर मोज्यावरचा पिवळट डाग पाहून माणसाला कळते की जखम आहे. गावाकडे याच्या उलट चित्र असते: आवणीच्या दिवसांत अनवाणी पाय दिवसभर चिखलात, बोटांच्या बेचक्यांत कुजलेली कातडी, आणि काटा मोडला तरी न उमटणारी कळ. दोन्ही ठिकाणी उपाय स्वस्त आहे. रोज रात्री तळवा आरशात पाहणे किंवा घरच्यांना दाखवणे, मऊ अस्तराचे योग्य मापाचे बूट, आणि दवाखान्यात डॉक्टरने रुग्णाची पादत्राणे उतरवून घेणे. यातली शेवटची गोष्ट सर्वांत दुर्मीळ आहे.

निदानाचे साधनही या जिल्ह्यात जपून वापरावे लागते. एचबीए१सी ही तपासणी रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजून मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगते, आणि ६.५ टक्के किंवा त्याहून अधिक आकडा मधुमेह मानला जातो. ही सरासरी खरी ठरते ती तांबडी पेशी तिचे नेहमीचे, सुमारे १२० दिवसांचे आयुष्य जगली तर. पालघरच्या आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो, त्यात पेशी लवकर मोडतात आणि अहवाल साखर खोटी कमी दाखवतो. उलट लोहाच्या कमतरतेचा पंडुरोग, जो येथील स्त्रियांत सर्रास आहे, तोच आकडा खोटा वाढवून दाखवू शकतो. म्हणून जव्हारच्या स्त्रीचा कागद बोईसरच्या कामगाराच्या कागदासारखा वाचता येत नाही. उपाशीपोटीची आणि ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांची साखर पाहणे तेथे अधिक भरवशाचे.

औषधोपचाराचे गणित स्थलांतराने बिघडते. दिवाळीनंतर मोखाडा-जव्हारची कुटुंबे वीटभट्ट्यांवर, रेतीवर, बांधकामांवर ‘जगायला’ बाहेर पडतात आणि पुष्कळशी पावसाच्या तोंडावर परततात. प्राथमिक आरोग्य केंद्रातून गोळ्या मिळतात त्या बहुधा महिन्याच्या. माणूस जातो पाच-सहा महिन्यांसाठी. भिवंडी-वसईच्या भट्टीवर त्याची वही नसते, ओळख नसते, आणि एका दिवसाची मजुरी बुडवून दवाखान्यात जाणे त्याला परवडत नाही. मेटफॉर्मिनची गोळी काही रुपयांत मिळते. महाग आहे ती सलगता. इन्सुलिन घेणाऱ्याची अडचण आणखी वेगळी, कारण न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते आणि पाड्यावरच्या घरी फ्रिज नसतो. ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात बाटली सांभाळण्याची युक्ती अशा ठिकाणी चांगली कामाला येते, आणि ती शिकवायला पाच मिनिटे पुरतात. दरवर्षी ठरलेल्या महिन्यात ठरलेल्या वाटेने जाणाऱ्या माणसांना निघण्यापूर्वी हंगामभराची औषधे आणि जिल्ह्याबाहेरही चालणारे कार्ड देता येणे अवघड का असावे, हे समजत नाही.

या साऱ्याचा उगम गर्भात असेल तर उपायाची सुरुवातही आईपासून करावी लागेल. या बाबतीत जवळचा पुरावा मुंबईचा आहे. तेथील झोपडपट्ट्यांत ‘सारस’ या नावाने झालेल्या प्रयोगात स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून हिरव्या भाज्या, फळे आणि दूध घालून केलेला खाऊ रोज देण्यात आला. दुसऱ्या गटाला कमी पोषक भाज्यांचा. पहिल्या गटात गर्भारपणी होणाऱ्या मधुमेहाचे प्रमाण ७.३ टक्के राहिले, दुसऱ्यात १२.४ टक्के. गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून खाऊ घेणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजनही काहीसे वाढले, मात्र ज्या स्त्रिया मुळातच फार अशक्त होत्या त्यांच्यात ते वाढले नाही. या शेवटच्या वाक्याकडे पालघरने लक्ष द्यावे. आदिवासी भागात गर्भवती व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी अमृत आहार योजना २०१५ पासून आहे आणि ती मोलाची आहे. पण दिवस राहिल्यानंतर सुरू होणारा आहार, लहान वयात लग्न झालेल्या आणि स्वतःच अर्धपोटी वाढलेल्या मुलीच्या शरीरातली तूट काही महिन्यांत भरून काढू शकत नाही. आहार पोहोचायला हवा तो आश्रमशाळेतल्या मुलीपर्यंत, लग्नाच्या कितीतरी आधी.

शेवटी एका छापील अर्जाकडे वळावे. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीस वर्षांवरील प्रत्येकाची मधुमेह, रक्तदाब व काही कर्करोगांसाठी तपासणी अभिप्रेत आहे, आणि त्याआधी आशाताई घरोघर जाऊन एक प्रश्नावली भरतात: वय किती, तंबाखू-दारू आहे का, कमरेचा घेर किती, हालचाल किती, आई-वडिलांना शुगर, रक्तदाब होता का. प्रत्येक उत्तराला गुण आहेत, आणि ज्यांचे गुण चारांहून अधिक त्यांना तपासणीत अग्रक्रम मिळतो. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने अनेक बालके दगावली आणि तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याचे हे टोक प्रथमच साऱ्या राज्याला दिसले. त्या पावसाळ्यांतून जी मुले वाचली ती आता तिशी ओलांडून गेली आहेत. त्यांच्यातल्या एखाद्या बाईच्या कमरेभोवती आशाताईने टेप लावली तर घेर ८० सेंटिमीटरच्या आत भरेल, डोक्यावर हंडे आणि मोळ्या वाहणारीची हालचाल भरपूर भरेल, आई-वडिलांची साखर कोणी कधी तपासलेलीच नसल्याने तिथे ‘नाही’ लिहिले जाईल, आणि बेरीज चारांच्या खूप खाली राहील. जन्मताना वजन किती होते, लहानपणी किती पावसाळे अर्धपोटी गेले, असा रकाना त्या अर्जात नाही. अंगणवाडीच्या जुन्या वहीत तो होता.